मेफ्लॉवर वंशजाचा अर्ज: थडग्याचा दगड कुठे चालतो, कुठे नाही

१६२० साली मेफ्लॉवर जहाजाने अमेरिकेतल्या प्लिमथला आलेल्या प्रवाशाचे आपण वंशज आहोत हे सिद्ध केलं, तर जनरल सोसायटी ऑफ मेफ्लॉवर डिसेंडंट्सचं सदस्यत्व मिळतं. नातं रक्ताचंच लागतं. सून-जावई बसत नाहीत. पण तिकडच्या घरात दिलेल्या मराठी मुलीची मुलं वडिलांकडून पात्र ठरू शकतात.

अर्ज राज्यातल्या शाखेकडे करायचा. पहिल्या पाच पिढ्या बहुतेकदा संस्थेच्या ‘सिल्व्हर बुक्स’ या वंशावळींच्या पुस्तकांत सापडतात. अलीकडच्या पिढ्यांचे दाखले सरकारी कचेरीतून मिळतात. आईवडिलांची नावं असलेली पूर्ण प्रतच मागा.

अडतं ते मधल्या पिढ्यांत. १८५० पूर्वीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, बायकामुलं म्हणजे नुसते आकडे. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्यभर नोंदणी १८४१ला आली, न्यूयॉर्क राज्यात १८८०च्या सुमारास. तिकडे सरकलेल्या घराण्याचा जन्मदाखला मागणं म्हणजे नसलेली वस्तू मागणं. मग माणसं दफनभूमीकडे वळतात, आणि घाईत दगड चुकीचा वाचतात.

दगडावर ‘वयाच्या ६३व्या वर्षी’ असेल तर वय ६२. आपण ‘त्रेसष्टावं लागलं होतं’ म्हणतो तसंच. ६३ वजा करून जन्मसाल काढलं की ते एका वर्षाने मागे जातं. ‘कॉन्सॉर्ट’ म्हणजे नवऱ्याआधी गेलेली बायको, ‘रेलिक्ट’ म्हणजे विधवा. या एका शब्दावरून नवऱ्याच्या मृत्यूचा शोध तिच्या मृत्यूच्या आधी घ्यायचा की नंतर ते ठरतं.

तारखांचंही तसंच. १७५२पर्यंत इंग्रजी वसाहतींत वर्ष २५ मार्चला बदलायचं. एप्रिल १७०२मध्ये लग्न आणि फेब्रुवारी १७०२मध्ये मूल, असं दिसलं की लोक बिचकून नोंदच गाळतात. अहो, तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७०३चा! नोंद आहे तशी उतरवा, आणि अर्जात साल ‘१७०२/३’ असं लिहा.

फोटो पूर्ण दगडाचा घ्या, शेजारच्या थडग्यांसकट. अक्षरं पुसट असतील तर आरशाने बाजूने उजेड पाडा. खडू किंवा शेव्हिंग क्रीम कृपा करून लावू नका, दगड कायमचा खराब होतो. दगड नंतर कुणी नव्याने बसवलेला नाही ना, तेही पाहा. अक्षरांचं वळण आणि दगडाची जात सांगते.

एवढं करूनही दगड सहसा मृत्यू सांगतो. ही कुणाची मुलगी, ते क्वचितच. त्यासाठी वडिलांचं मृत्युपत्र किंवा जमिनीचं खरेदीखत काढा. सासरच्या नावानिशी मुलीचा उल्लेख असलेली एक ओळ मिळाली, की दगडाचा फोटो तिच्या मागे जोडा.