लेखासाठी पैसे भरण्याआधी
ई-जर्नल आणि डेटाबेस वापरणाऱ्या प्राध्यापक व संशोधक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. प्रबंधाचं टायपिंग, संदर्भसूची आणि बाइंडिंग यांसाठी आपण आमच्याकडे येता. सूची जुळवताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. हवा तो लेख उघडत नाही म्हणून कुणी गोषवाऱ्यावरच भागवतं, कुणी खिशातून डॉलर मोजतं. आणि पुष्कळदा तो लेख त्यांच्याच विद्यापीठाने आधीच घेतलेला असतो! हे पत्रक त्यासाठी काढलं आहे.

घरून का उघडत नाही?

वर्गणी विद्यापीठाच्या नावावर असते आणि प्रकाशक विद्यापीठाला आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, ओळखतो. आवारातल्या संगणकावर लेख सहज उघडतो. घरच्या वायफायवर त्याच लेखापुढे किंमत दिसते. अशा वेळी कार्ड काढू नका. त्याच पानावर संस्थेमार्फत लॉगिन करण्याचा दुवा शोधा, तो बहुधा बारीक अक्षरात असतो. तिथे आपल्या विद्यापीठाचं नाव निवडायचं. आपल्याकडच्या अनेक संस्थांची ओळख इन्फेड या यंत्रणेतून पटवली जाते. ती गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र चालवतं. इन्फेडचं खातं ग्रंथपाल उघडून देतात. खातं नसेल तर उद्याच ग्रंथालयात जा.

सरकारी विद्यापीठात किंवा महाविद्यालयात असाल तर आणखी एक गोष्ट. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्राची योजना सुरू झाली आहे. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० ई-जर्नल त्यात आहेत आणि तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. पूर्वी जी जर्नल फक्त मोठ्या संस्थांना परवडायची, ती आता तालुक्याच्या सरकारी महाविद्यालयालाही मिळू शकतात. अनुदानित महाविद्यालयांनी एन-लिस्टबद्दल विचारावं; महाविद्यालयांना ई-जर्नल आणि ई-पुस्तकं पुरवणारी ती इन्फ्लिबनेटचीच योजना आहे.

डेटाबेस वेगळा, जर्नल वेगळं

स्कोपसवर लेख ‘सापडला’, पण ‘मिळाला’ नाही, अशी तक्रार आमच्या टेबलावर नेहमी येते. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स म्हणजे सूची: कोणी काय लिहिलं, कोणी कोणाचा संदर्भ दिला, हे ती सांगते. मूळ लेख प्रकाशकाकडे असतो. जेस्टोरवर मात्र पूर्ण मजकूर मिळतो, पण तिथे पुष्कळ जर्नलांचे शेवटच्या तीन ते पाच वर्षांचे अंक नसतात. म्हणून इतिहासाच्या माणसाचं काम जेस्टोरवर बरंचसं होतं, अर्थशास्त्राच्या माणसाला ताज्या अंकासाठी दुसरीकडे जावं लागतं. वैद्यक आणि जीवशास्त्रवाल्यांनी पबमेडपासून सुरुवात करावी, भौतिकशास्त्र आणि गणितवाल्यांनी अर्काइव्ह (arXiv) या लेखसंग्रहापासून. दोन्ही मोफत आहेत.

शोधताना स्पेलिंग

१८९७ च्या पुण्यातल्या प्लेगवर काम करणाऱ्या एक मॅडम आमच्याकडे आल्या होत्या. आठवडाभर शोधून हाताला फारसं काही लागलं नव्हतं. त्या शहराचं नाव आजच्या स्पेलिंगने टाकत होत्या. आम्ही त्यांच्यासमोरच जुनं ‘पूना’ स्पेलिंग टाकलं, मग ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’ अवतरणचिन्हांत टाकलं, आणि यादी लांबत गेली. मॅडम वही काढून उभ्याउभ्याच लिहू लागल्या. त्या काळच्या लेखकांनी जे नाव वापरलं, तेच यंत्राला कळतं. मुंबई-बॉम्बे, मराठा-महरट्टा, ठाणे-ठाणा, अशा जोड्या आधी कागदावर लिहून घ्या आणि दोन्हींमध्ये ‘ऑर’ (OR) घालून एकदमच शोधा. मराठी आडनावांचंही तेच. एकाच लेखकाचं नाव कुठे आद्याक्षरांनी असतं, कुठे वडिलांच्या नावासकट.

एक चांगला लेख मिळाला की त्याची संदर्भसूची वाचा, आणि नंतर कोणी त्याचा संदर्भ दिला तेही पाहा. मागे आणि पुढे अशी साखळी धरून जाणारे प्राध्यापक नुसते शब्द टाकत बसणाऱ्यांपेक्षा लवकर मुक्कामी पोचतात, हे आम्ही इतक्या सूच्या पाहून खात्रीने सांगतो. ठरलेल्या जर्नलांची अनुक्रमणिका ईमेलवर येण्याची सोयही करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

दोन सवयी आवर्जून टाळा

सगळे अंक एकदम उतरवू नका. आमच्या एका ग्राहकाच्या महाविद्यालयात एका संशोधकाने रात्री सॉफ्टवेअर लावून एका जर्नलच्या फाइली ओढायला घेतल्या. सकाळी प्रकाशकाने अख्ख्या आवाराचा प्रवेश बंद केला. प्रबंध सादर करायला आलेली इतर मुलं त्यात अडकली, याचं आम्हाला फार वाईट वाटलं.

दुसरं, व्हॉट्सअॅपवर मित्राकडून फाइल मागण्याआधी आपल्या लॉगिनने उघडून पाहा. वर्गणी चालू ठेवायची की नाही हे ठरवताना ग्रंथालयं वापराचे आकडे पाहतात. आपण लॉगिन केलंच नाही, तर ते जर्नल कोणी वाचत नाही अशी नोंद होते.

आमच्याकडे येताना

सूचीत ब्राउझरमधला लांबलचक दुवा चिकटवू नका. लॉगिनमधून आलेला दुवा परीक्षकांच्या संगणकावर उघडत नाही. लेखावरचा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक, घ्या; तो १० या आकड्याने सुरू होतो. डीओआय नसेल तर खंड, अंक आणि पृष्ठं लिहून आणा, उरलेलं आम्ही जुळवू. शोध कसा घ्यायचा हे आपल्या लॅपटॉपवर, आपल्या शेजारी बसून दाखवतो; प्रबंधाचं काम दिलेल्या ग्राहकांकडून त्याचे वेगळे पैसे घेत नाही. आपला पासवर्ड आम्ही कधीही मागणार नाही, तो आपणच टाकायचा. आणि प्रबंधातला मजकूर आम्ही लिहून देत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये गर्दी असते. शोधाच्या मदतीसाठी शक्यतो त्याआधी, दुपारी तीननंतर या.