आयरिश पलटणीतील पूर्वजाचा शोध

आयरिश पलटणीतील पूर्वजाचा शोध : एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैन्याच्या आयरिश रेजिमेंटांत चाकरी केलेल्या माणसाचा माग लष्करी दफ्तरांतून काढण्याची पद्धत. कुलवृत्तांत-संशोधनाची ही शाखा आयर्लंडबाहेर ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका आणि भारतातील अँग्लो-इंडियन कुटुंबांतही रुजलेली आहे.

आयरिश घराण्यांच्या इतिहासात १९२२चा उन्हाळा फार मोठा खड्डा पाडून गेला. १२ जून रोजी विंडसरच्या राजवाड्यात दक्षिण आयर्लंडच्या पलटणींनी आपली निशाणे पाचव्या जॉर्जच्या स्वाधीन केली. आयर्लंडमधील यादवी युद्धाला तोंड लागताच ३० जूनला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील सार्वजनिक दफ्तरखाना स्फोटात आणि आगीत जळाला. ३१ जुलैला रॉयल आयरिश, कॉनॉट रेंजर्स, लेन्स्टर, मन्स्टर फ्युझिलियर्स आणि डब्लिन फ्युझिलियर्स या पाच पायदळ रेजिमेंटा मोडल्या गेल्या. दफ्तरखान्याच्या आगीत १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे बहुतेक कागद नष्ट झाले. चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून अधिक पॅरिश-वह्याही (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) गेल्या. १८६१ ते १८९१च्या जनगणनांचे कागद तर सरकारने त्याआधीच नष्ट केले होते. जन्म-मृत्यूची सार्वत्रिक नोंदणी १८६४पासून सुरू झाली. कॅथलिक पॅरिशच्या वह्या गावोगावी असल्यामुळे वाचल्या, पण पश्चिमेकडच्या गरीब भागांत त्या फार उशिरा सुरू होतात.

याचा परिणाम असा की, १८१५च्या सुमारास मेयो किंवा गॉलवेत जन्मलेला एखादा भूमिहीन मजूर आयर्लंडच्या कागदांत कुठेच सापडत नाही. मात्र त्याने सैन्यात नाव घातले असेल, तर त्याची पॅरिश, वय, धंदा, उंची, डोळ्यांचा आणि केसांचा रंग लंडनमध्ये लिहिलेला असतो. युद्धखात्याचे कागद डब्लिनला नव्हतेच. ते आज लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ज्या सत्तेने त्याला शिपाई केले, तिच्याच वह्यांत त्याची माणूस म्हणून उरलेली एकमेव खूण असावी, ही गोष्ट आयरिश वंशजांना आजही सोपी जात नाही.

शोधाच्या सुरुवातीलाच ‘आयरिश रेजिमेंट’ या शब्दाशी थांबावे लागते. १८३०च्या सुमारास ब्रिटिश सैन्यातील साध्या शिपायांपैकी सुमारे ४२ टक्के आयरिश होते. एवढी माणसे मोजक्या आयरिश पलटणींत मावणे शक्य नव्हते. त्यांतले कितीतरी जण इंग्लिश परगण्यांची नावे लावणाऱ्या रेजिमेंटांत होते. उलट, १८८१च्या फेररचनेत आयरिश नाव मिळालेल्या काही पलटणींचा आयर्लंडशी आधी जवळजवळ संबंध नव्हता. डब्लिन फ्युझिलियर्सची दुसरी बटालियन हे त्याचे ठळक उदाहरण. ती मुळात ईस्ट इंडिया कंपनीची बॉम्बे युरोपियन रेजिमेंट होती, आणि तिचा वंश १६६५मध्ये मुंबई ताब्यात घेणाऱ्या इंग्लंडच्या राजाच्या शिपायांपर्यंत नेला जातो. १८६२मध्ये तिला १०३ हा क्रमांक मिळाला आणि १८८१मध्ये ‘डब्लिन’ हे नाव. त्यामुळे १८५०मध्ये तीत असलेल्या पूर्वजाला डब्लिनच्या गल्ल्यांत शोधणे व्यर्थ आहे. आधी साल पाहावे, मग त्या सालचा रेजिमेंटचा क्रमांक. १८८१पूर्वीची माणसे क्रमांकाखाली सापडतात, नावाखाली नाही. शिपायाचा वैयक्तिक क्रमांक १८३०च्या आसपास सर्वत्र रूढ झाला, पण तोही त्या रेजिमेंटपुरताच असे. पलटण बदलली की क्रमांक बदले.

कागदांतला मुख्य संग्रह ‘डब्ल्यूओ ९७’ (डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस, युद्धखाते) या खुणेने ओळखला जातो. यात १७६०पासून १९१३पर्यंतची सेवामुक्तीची कागदपत्रे आहेत. ती छायाप्रतींसह ऑनलाइन पाहता येतात, आणि बहुतेक जण इथूनच सुरुवात करून इथेच निराश होतात. कारण १८८३पर्यंतच्या या संग्रहात मुख्यतः निवृत्तिवेतन घेऊन बाहेर पडलेलेच शिपाई आहेत. जो नोकरीत मेला, पळून गेला किंवा पैसे भरून सुटला, त्याचा कागद तिथे सहसा नसतो. नाव मिळाले नाही म्हणजे माणूस सैन्यात नव्हता, असा निष्कर्ष काढणे ही या शोधातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

अशा माणसासाठी हजेरी-पगारपटांकडे वळावे लागते. ‘डब्ल्यूओ १२’ आणि त्यापुढचा ‘डब्ल्यूओ १६’ हे संग्रह मिळून अठराव्या शतकापासून १८९८पर्यंतचे पट देतात. दर तिमाहीला प्रत्येक शिपायाचे नाव, त्याचा पगार, तो इस्पितळात होता की कैदेत, पलटण कोणत्या गावी होती, हे सारे त्यांत ओळीने मांडलेले असते. मेलेल्या, पळालेल्या वा सुटलेल्या माणसांची यादी पटाच्या शेवटी येते, आणि तिथे कित्येकदा जन्मगाव व मूळ धंदाही दिलेला असतो. काम कंटाळवाणे आहे. पण एखाद्या माणसाची वीस वर्षे तिमाहीमागून तिमाही वाचत गेल्यावर तो जितका जवळचा वाटू लागतो, तितका सेवामुक्तीच्या एका पानाने कधीच वाटत नाही.

१८२२पर्यंत आयर्लंडमधील निवृत्तिवेतन डब्लिनजवळच्या किलमेनम येथील रॉयल हॉस्पिटलमधून दिले जाई. सतराव्या शतकात वृद्ध शिपायांसाठी बांधलेल्या या वास्तूत आज आधुनिक कलेचे संग्रहालय आहे. तिथल्या नोंदवह्या ‘डब्ल्यूओ ११८’ आणि ‘डब्ल्यूओ ११९’ या खुणांखाली क्यूलाच मिळतात. १८२२नंतर बाहेर राहणाऱ्या निवृत्तांचा कारभार लंडनमधील चेल्सीच्या रॉयल हॉस्पिटलकडे गेला. अधिकाऱ्यांचा शोध तुलनेने सोपा आहे. छापील आर्मी लिस्टमध्ये त्यांची नावे वर्षावर्षाला सापडतात, आणि सनदा विकत घेण्याची पद्धत १८७१मध्ये बंद होईपर्यंतचे बहुतेक अर्जही जपलेले आहेत.

मराठी वाचकाला हे कागद अनोळखी वाटू नयेत, याचे कारण झाशी. ३ एप्रिल १८५८च्या पहाटे सर ह्यू रोज याच्या फौजेने झाशीच्या तटावर हल्ला केला. डाव्या बाजूने ८६वी रॉयल काउंटी डाउन रेजिमेंट चढली, उजव्या बाजूने शिड्या लावून कंपनीची तिसरी बॉम्बे युरोपियन. पहिली १८८१मध्ये रॉयल आयरिश रायफल्समध्ये गेली. दुसरीला १८६२मध्ये १०९ हा क्रमांक मिळाला आणि १८८१मध्ये ती लेन्स्टर रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. त्या दिवशी जखमी अधिकाऱ्याला गोळीबारातून उचलून नेल्याबद्दल ८६व्या रेजिमेंटचा शिपाई जेम्स बर्न याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो विक्लो काउंटीतला होता. मोहिमेचे पदक आणि ‘सेंट्रल इंडिया’ ही पट्टी कोणाला मिळाली याच्या याद्या ‘डब्ल्यूओ १००’मध्ये आहेत. पदकाच्या काठावर शिपायाचे नाव व रेजिमेंट कोरलेली असल्यामुळे घरात जपलेले एखादे पदकही शोधाचे पहिले टोक ठरते. पण ही यादी शिपाई तिथे होता एवढेच सांगते. तट पडल्यावर गोऱ्या सोजिरांनी शहरात काय केले, ते त्या वेळी झाशीत अडकलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी मराठीत लिहून ठेवले आहे. ज्यांच्या पूर्वजाचे नाव त्या यादीत आहे, त्यांनी दोन्ही बाजू शेजारी ठेवून वाचाव्यात, असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते.

तिसऱ्या बॉम्बे युरोपियनसारख्या पलटणींतला आयरिश सोजीर १८५८पर्यंत राणीचा नव्हे, कंपनीचा नोकर होता. म्हणून त्याचे त्या काळचे कागद क्यूला नाहीत. ते ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत. तिथलीच ‘एन ३’ ही मालिका मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींची आहे. मुंबई, पुणे, खडकी, देवळाली इथल्या छावण्यांत जन्मलेली मुले आणि पुरलेले बाप तीत सापडतात. सैन्य सोडून रेल्वेत किंवा सरकारी खात्यांत लागलेल्या आणि इथेच राहिलेल्या माणसांच्या वंशजांसाठी आयरिश गावापर्यंत जाणारी वाट बहुधा याच मालिकेतून निघते.

बायकांचा शोध सर्वांत अवघड. पलटणीबरोबर राहायची परवानगी फार थोड्या पत्नींना मिळे. ज्यांना ती नसे, त्यांचे नाव लष्करी कागदांत येतच नाही, आणि त्यांची मुलेही निसटतात. नावांच्या स्पेलिंगचाही घोळ मोठा आहे. आयरिश भाषा बोलणाऱ्या, निरक्षर रिक्रूटचे नाव इंग्रज कारकून कानाला येईल तसे लिहून घेई, ‘ओ’ आणि ‘मॅक’ गाळी, आणि रिक्रूट शेजारी फुली मारी. वयही अंदाजाने सांगितलेले असे. म्हणून एकाच नावाच्या दोघांत निवड करताना जन्मपॅरिश आणि धंदा यांवर भर द्यावा, वयावर नव्हे.

सेवामुक्तीच्या पुढील काळातील पानांवर शेवटी एक रकाना असतो : यापुढे कुठे राहणार. कधी त्यात जन्मगावच लिहिलेले असते, कधी लिव्हरपूल, कधी हिंदुस्थानातलीच एखादी छावणी. तो पत्ता पुढे खरा ठरला की नाही, हे १८४२ ते १८८३च्या निवृत्तिवेतन-विवरणांत, म्हणजे ‘डब्ल्यूओ २२’मध्ये, जिल्ह्यावार पाहता येते. निवृत्त शिपाई एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेला, समुद्रापार गेला किंवा वारला, की तशी नोंद होई.