आठवीचा अल्जिब्रा: कॅलिफोर्नियातल्या गणिताच्या प्लेसमेंटची पार्श्वभूमी

मार्च २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांना एक प्रश्न विचारला गेला: शहराच्या सरकारी शाळांत आठवीला अल्जिब्रा पुन्हा सुरू करावा का? ८० टक्क्यांहून जास्त मतं ‘हो’ला पडली. हा कौल बंधनकारक नव्हता. वर्ग परत आणायचा ठराव स्कूल बोर्डाने, म्हणजे सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाने, मतदानाच्या काही आठवडे आधीच केला होता. तरीही गणिताचा एक वर्ग मतपत्रिकेवर यावा, इथपर्यंत गोष्ट का पोचली हे कळायला मागची तीसेक वर्षं नीट पाहावी लागतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या, म्हणजे बे एरियातल्या मराठी घरांत पोर पाचवीत गेलं की या विषयावर बोलणं सुरू होतं आणि त्यातलं बरंचसं ऐकीव असतं. म्हणून मुलाला गणिताच्या कुठल्या वर्गात बसवायचं, म्हणजेच ‘प्लेसमेंट’, यावर हे टिपण.

आठवीच का, तर सगळी मोजणी बारावीपासून उलटी होते. बारावीला कॅल्क्युलस (कलनशास्त्र) हवं असेल तर अकरावीला त्याची पूर्वतयारी म्हणजे प्रीकॅल्क्युलस, दहावीला अल्जिब्रा टू, नववीला जॉमेट्री (भूमिती) आणि आठवीला अल्जिब्रा वन. अल्जिब्रा वन नववीला गेला की एक वर्ष कमी पडतं. मग एका वर्षात दोन विषय घ्या, नाहीतर उन्हाळ्यात एक उरका. शिवाय आठवीत तिथे पोचायचं तर सहावी-सातवी-आठवी या तीन वर्षांचं गणित दोन वर्षांत संपवावं लागतं. म्हणजे खरी वाटणी सहावीच्या दारातच होते, तेव्हा मूल अकरा वर्षांचं असतं.

मुलांना चाळून वेगळ्या वर्गांत बसवण्याची पद्धत याच भागात फार जुनी आहे. मिडल स्कूलचा (सहावी ते आठवीच्या शाळेचा) पूर्वावतार असलेली ज्युनियर हायस्कुलं अमेरिकेत ज्या गावांत पहिल्यांदा निघाली, त्यांत १९१०च्या सुमाराचं बर्कली होतं. १९१६ साली स्टॅनफर्डमध्ये बुद्ध्यंक मोजायची चाचणी तयार झाली आणि थोड्याच वर्षांत शेजारच्या ओकलंडच्या शाळा अशा चाचण्यांवरून मुलांचे वर्ग ठरवू लागल्या. १९६७ साली वॉशिंग्टन शहरातली अशी वर्गवारी एका संघीय न्यायाधीशाने घटनाबाह्य ठरवली, कारण खालच्या वर्गांत गरीब आणि कृष्णवर्णीय मुलंच भरलेली होती. या वर्गवारीला तिथे ‘ट्रॅकिंग’ म्हणतात. शब्द बदनाम झाला आणि शाळांनी तो टाकला. पुढे ‘प्लेसमेंट’, ‘पाथवे’, कुठे ‘लेन’ असे शब्द आले. वाटणी मात्र तशीच चालू राहिली.

आजच्या वादाचं मूळ १९८०च्या दशकात आहे. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदार-नोंदणीसाठी जिवावर उदार होऊन काम केलेला एक कार्यकर्ता १९८२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला आपल्या आठवीतल्या मुलीच्या शाळेत अल्जिब्रा शिकवू लागला, कारण शाळेत तो शिकवलाच जात नव्हता. मतदानाचा हक्क जसा होता तसाच आता अल्जिब्रा आहे, त्याच्यावाचून पुढची दारं उघडत नाहीत, हे त्याचं म्हणणं होतं. ते म्हणणं देशभर पसरलं. १९९७ साली संघीय शिक्षण खात्यानेही आठवीच्या अल्जिब्राचा उच्चशिक्षणाशी संबंध जोडला. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाने कुठल्या इयत्तेत काय शिकवायचं याची नवी मानकं मंजूर केली आणि आठवीचं गणित म्हणजे अल्जिब्रा, असं ठरवून टाकलं.

त्यामागे दंडुकाही होता. आठवीच्या मुलाने अल्जिब्राऐवजी साध्या गणिताची परीक्षा दिली तर शाळेच्या गुणांकातून कपात होई. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सहा मुलांमागे जेमतेम एक मूल आठवीला अल्जिब्रा घेत असे. २०१३ पर्यंत ते प्रमाण निम्म्याच्या बरंच वर गेलं. २००८ साली कॅलिफोर्नियाच्या राज्य शिक्षण मंडळाने पुढची पायरी गाठली: आठवीच्या सगळ्यांना एकच परीक्षा, अल्जिब्राची. शाळाचालकांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि त्याच वर्षी तो निर्णय अडवला गेला.

मग प्रश्न उरला, या सगळ्यातून मुलं शिकली का? या काळाबद्दल झालेल्या अभ्यासांचं उत्तर सुखाचं नाही. कॅलिफोर्नियातल्या ज्या डिस्ट्रिक्टनी (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांनी) अल्जिब्रा घाईने सगळ्यांवर आणला, त्यांतल्या मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये मुलांचे दहावीचे गणिताचे गुण घसरले. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये तयारी नसताना पुढे ढकललेली मुलं अल्जिब्रातही मागे पडली आणि नंतर जॉमेट्रीतही. याच काळात बे एरियातल्या नऊ डिस्ट्रिक्टच्या मुलांचा माग काढणारा अहवाल २०१० साली आला. आठवीला अल्जिब्रा घेतलेल्या मुलांपैकी जवळपास ६५ टक्क्यांना नववीत पुन्हा अल्जिब्रातच बसवलं होतं आणि त्यांत चांगल्या गुणांनी पास झालेलीही होती. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा वाचला. नापास मुलाला पुन्हा बसवणं समजू शकतं. पास झालेल्या मुलाला तेच पुस्तक दुसऱ्या वर्षी हातात देणं म्हणजे त्याचं एक वर्ष काढून घेणं. कुणाचं वर्ष गेलं, हे पुढच्या तपासात आणखी स्पष्ट झालं. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांच्या वाट्याला हे जास्त आलं होतं.

इथे थांबून ‘अल्जिब्रा’ या शब्दाची गुंतागुंत सोडवली पाहिजे, कारण निम्मे गैरसमज त्यातून येतात. महाराष्ट्रात शिकलेल्या माणसाला बीजगणित ही गणिताची एक शाखा वाटते. ती पाचवी-सहावीत ‘क्ष’च्या रूपाने येते आणि दहावीपर्यंत भूमितीच्या बरोबरीने चालते, नववी-दहावीला दोन्हीचे दोन पेपर. कॅलिफोर्नियातला ‘अल्जिब्रा वन’ म्हणजे एका वर्षाच्या अभ्यासक्रमाचं नाव. त्यात काय असतं, हे राज्य ठरवतं आणि ते मध्येच बदललंही आहे.

१९९७च्या मानकांतला अल्जिब्रा वन एकरेषीय समीकरणांपासून सुरू होऊन वर्गसमीकरणांपर्यंत जात होता. २०१० साली राज्याने देशातल्या बहुसंख्य राज्यांची सामाईक मानकं स्वीकारली आणि २०१३ साली आठवीसाठी ‘मॅथ एट’ हाच नेहमीचा अभ्यासक्रम केला. त्यात रेषेचा चढ, दोन चलांची एकसामयिक समीकरणं, फलनाची ओळख, घातांक आणि पायथागोरसचं प्रमेय आहे. म्हणजे जुन्या अल्जिब्रा वनचा पहिला मोठा तुकडा खाली आठवीत आला. नवा अल्जिब्रा वन पुढे सरकला आणि त्यात बहुपदींचे अवयव, वर्गसमीकरणं, घातांकी फलनं आली. ‘आम्ही अल्जिब्रा काढला’ असं म्हणणारा आणि ‘आठवीत अल्जिब्रा आहेच’ असं म्हणणारा, दोघंही आपापल्या परीने खरं बोलत होते आणि सभांमध्ये एकमेकांना खोटं ठरवत होते.

मराठी पालकांची गल्लत वेगळी असते. बालभारतीच्या आठवीच्या पुस्तकात विस्तारसूत्रं आणि बैजिक राशींचे अवयव आहेत. अमेरिकेतल्या आठवीत ते दिसत नाहीत, म्हणून ‘मूल एक वर्ष मागे आहे’ असा निष्कर्ष निघतो. पण दोन चलांतली रेषीय समीकरणं बालभारतीत नववीला येतात आणि मॅथ एटमध्ये आठवीलाच. क्रम वेगळा आहे, तेव्हा मुद्द्याला मुद्दा लावून कोण पुढे कोण मागे हे निघत नाही. खरी तफावत दुसरीकडे आहे. महाराष्ट्रात आठवीच्या वर्गातली सगळी मुलं एकच पुस्तक वाचतात. निवडीचा प्रश्न दहावीच्या तोंडाशी येतो, जसा मध्यंतरी काही वर्षं राज्य मंडळाच्या ‘सामान्य गणिता’मुळे आला होता किंवा २०२० पासून केंद्रीय मंडळाच्या ‘बेसिक’ आणि ‘स्टँडर्ड’ पेपरांमुळे येतो. अकराव्या वर्षी वाट ठरते, ही गोष्टच आपल्या अनुभवात नसते.

आता २०१४चा निर्णय. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्कूल बोर्डाने त्या वर्षी ठरवलं की आठवीत सगळी मुलं मॅथ एट शिकतील, अल्जिब्रा वन सगळ्यांना नववीत. वेगवान वर्ग बंद. ज्याला बारावीला कॅल्क्युलस हवं त्याने अकरावीला अल्जिब्रा टू आणि प्रीकॅल्क्युलस एकत्र दाबून बसवलेला एक कोर्स घ्यावा. हेतू वाईट नव्हता. ज्या शहरात मुलं वर्षानुवर्षं अल्जिब्रात नापास होत होती, तिथे सगळ्यांना एका वर्गात, नीट पाया घालून शिकवावं, असं वाटणाऱ्या शिक्षकांशी मी बोललो आहे. त्यांनी वर्गात खरोखर कष्ट घेतले.

काही वर्षांनी डिस्ट्रिक्टने यश जाहीर केलं: अल्जिब्रा पुन्हा घेणाऱ्यांचं प्रमाण ४० टक्क्यांवरून ८ टक्क्यांच्या आसपास आलं. हा आकडा इतर शहरांच्या सभांत गाजला, गणित कसं शिकवायचं याच्या राज्याच्या नव्या आराखड्याच्या चर्चेतही आला. पालकांच्या एका गटाने सरकारी कागद मागवून पाहिले. पुढच्या वर्गात जाण्यासाठी आधी जी परीक्षा पार करावी लागे ती अटच मधल्या काळात काढून टाकली होती. अट गेल्यावर पुन्हा बसणाऱ्यांचा आकडा उतरणारच. मुलांना अल्जिब्रा जास्त येऊ लागला का, हे त्या आकड्यातून कळत नव्हतं. एखादा आकडा शहराच्या धोरणाचा आधार होत असेल, तर तो कसा मोजला हे जाहीर करताना सांगायलाच हवं होतं. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे.

२०२३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी या बदलाचा अभ्यास मांडला. धोरण लागू झाल्यावर कॉलेज-पातळीच्या गणिताचे वर्ग घेणारी मुलं सुरुवातीला सुमारे १५ टक्क्यांनी घटली. दाबून बसवलेल्या कोर्समुळे प्रीकॅल्क्युलस घेणाऱ्यांचं प्रमाण सावरलं, कॅल्क्युलसचं पूर्ण सावरलं नाही. आणि ज्या दरीसाठी हे केलं होतं, ती गोऱ्या-आशियाई आणि कृष्णवर्णीय-लॅटिनो मुलांमधली वरच्या गणितातली दरी जवळपास तशीच राहिली.

ती का राहिली याचं एक कारण शहरातल्या प्रत्येक पालकाला माहीत होतं. ज्यांना परवडत होतं त्यांनी मुलाला आठवीसाठी खाजगी शाळेत घातलं, किंवा शेकडो डॉलर भरून ऑनलाइन अल्जिब्रा करून घेतला आणि डिस्ट्रिक्टची पडताळणी परीक्षा देऊन नववीत थेट जॉमेट्रीत बसवलं. त्यांत आपल्या लोकांची मुलंही होती. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही, आपल्या पोराला येतंय ते शिकू द्यावं असं कुणालाही वाटेल. पण ज्या हुशार मुलीची आई रात्रपाळीला जाते आणि जिला या परीक्षेचं नावही ठाऊक नाही, तिला पूर्वी शाळेतच मिळणारा वर्ग आता कुठेच मिळत नव्हता. तिला तो फुकट मिळत होता, ही जुन्या व्यवस्थेतली एकच चांगली बाजू होती आणि नेमकी तीच गेली.

२०२२ साली शहराच्या मतदारांनी बोर्डाच्या तीन सदस्यांना मुदत संपायच्या आधीच मतदानाने पदावरून काढलं. त्याला इतर कारणंही होती, पण अल्जिब्राचा राग त्यात मिसळलेला होता. २०२३ साली पालक कोर्टात गेले. २०२४-२५ पासून काही शाळांत वेगवेगळ्या नमुन्यांनी अल्जिब्रा परत आला: कुठे सगळ्यांना, कुठे मॅथ एटसोबत जादा तास म्हणून. मॅसॅच्युसेट्समधल्या ज्या केंब्रिजमध्ये १९८२ साली ही चळवळ सुरू झाली, तिथेही मिडल स्कूलमधला प्रगत वर्ग असाच काढला गेला आणि असाच परत आणायचं ठरलं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या गदारोळात एक महत्त्वाची गोष्ट झाकली गेली. २०१५ साली कॅलिफोर्नियाने गणिताच्या प्लेसमेंटचा कायदा केला. नववीत येणाऱ्या मुलाला कुठल्या वर्गात बसवायचं याचं धोरण लेखी, न्याय्य आणि पारदर्शक असलं पाहिजे. एकाहून जास्त वस्तुनिष्ठ निकष लावले पाहिजेत. वर्ष सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात एकदा फेरतपासणी झाली पाहिजे. पालकांना दाद मागता आली पाहिजे. ६५ टक्क्यांच्या त्या अहवालाने सुरू केलेलं काम इथे कायद्यात उतरलं. पालो आल्टोतल्या पालकांनी याच कायद्यावर डिस्ट्रिक्टला कोर्टात खेचलं आणि २०२३ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला.

इतर राज्यांनी याहून सरळ वाट धरली. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले शहराच्या परिसरात २०१० पासून शिक्षकाच्या शिफारशीऐवजी मुलाच्या जुन्या गुणांवरून अंदाज काढून वर्ग ठरू लागले. पुढे २०१८ साली त्या राज्याने कायदाच केला: गणितात सर्वोच्च पातळी गाठणाऱ्या मुलाला प्रगत वर्ग द्यायचाच. टेक्सासने २०२३ साली ठरवलं की पाचवीत गणितात वरच्या ४० टक्क्यांत असलेली मुलं सहावीत आपोआप प्रगत वर्गात जातील. नको असेल तर पालकांनी तसं कळवायचं. अर्ज करायची जबाबदारी घरावर नाही. माहिती नसलेल्या आईच्या मुलीपर्यंत वर्ग पोचवायचा तर मला हीच तरतूद कामाची वाटते.

कॅलिफोर्नियाचा कायदा मात्र नववीपुरता आहे. प्राथमिक शाळेतून मिडल स्कूलमध्ये जाणाऱ्या मुलांसाठी डिस्ट्रिक्ट असं धोरण करू शकतात, पण त्यांच्यावर ते बंधन नाही. त्यामुळे पाचवी संपताना सहावीच्या गणिताच्या वर्गाचं जे पत्र घरी येतं, त्यामागे कोणते निकष लावले हे सांगायला या कायद्याने शाळेला बांधलेलं नाही.