सहा वर्षांत एक बाप्तिस्मा : परदेशी मिशनमधल्या धीराची पार्श्वभूमी

परदेशात सेवेला निघालेल्या माणसाला निरोप देताना चर्चमध्ये हमखास वाचला जाणारा उतारा म्हणजे गलतीकरांस पत्रातला ‘आत्म्याचे फळ’. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, असा तिथला क्रम आहे. जो प्रत्यक्ष जाऊन राहिला त्याचा अनुभव बहुधा उलटा असतो. सहनशीलता आधी लागते आणि फार लागते. आनंद मागाहून येतो, तोही भलत्याच दाराने. हे दोन्ही शब्द मिशनच्या बोलण्यात इतके रुळले कसे, ते पाहायचे तर महाराष्ट्राइतकी जवळची जागा नाही. अमेरिकेतून बाहेरदेशी गेलेल्या अगदी पहिल्या मिशनऱ्यांपैकी काही जण मुंबईतच उतरले होते.

सुरुवात झाली ती गवताच्या गंजीपाशी. १८०६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजची पाच पोरे शेतात प्रार्थनेला जमली असताना वादळ आले. आडोसा म्हणून ती गंजीपाशी शिरली आणि आशियात सुवार्ता न्यायची असे तिथेच त्यांचे ठरले. १८१० मध्ये परदेशी मिशनरी धाडण्यासाठी ‘अमेरिकन बोर्ड’ ही संस्था स्थापन झाली. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम गावातल्या चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा देण्यात आली : जडसन, नॉट, न्यूवेल, हॉल आणि राइस. दोन आठवड्यांतच जहाजे सुटू लागली. कुठे राहायचे, कोण राहू देणार, कोणती भाषा शिकायची, यातले काहीच पक्के नव्हते. आज अशा माणसांना आपण निघूच दिले नसते.

पहिले जहाज कलकत्त्याला पोहोचले तो जून उजाडला होता. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नकोच होते. त्यातच अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटले आणि हे लोक शत्रूच्या देशाचे ठरले. चालते व्हा, असा हुकूम निघाला. न्यूवेल आणि त्याची बायको हॅरिएट मॉरिशसकडे निघाले. हॅरिएटला दिवस गेले होते. ती समुद्रातच बाळंत झाली, मूल पाच दिवसांत गेले आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी पोर्ट लुईला तीही गेली. वय १९. तिने एकही शाळा काढली नाही, एकाही माणसाला उपदेश केला नाही. तरी तिची रोजनिशी आणि पत्रे छापून निघाली, अमेरिकेत घरोघर वाचली गेली आणि ती वाचून कित्येक मुली मिशनकडे वळल्या.

त्या काळच्या चरित्रांना आनंद सापडायचा तो मृत्यूशय्येवर. शेवटच्या घटकेला चेहरा किती शांत होता, ओठांवर कोणते वचन होते, हे तपशिलाने लिहिलेले असते. त्यातली श्रद्धा खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण ज्याला मरायचे नव्हते, उद्या उठून पुन्हा भाषा शिकवणाऱ्या पंडितासमोर बसायचे होते, त्याला या पुस्तकांचा उपयोग थोडाच होता.

गॉर्डन हॉल हा असा उठून बसणारा माणूस. तो आणि नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोहोचले. इथेही तोच हुकूम त्यांची वाट पाहत होता. गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनाने वाईट नव्हता, पण वरून आलेला आदेश त्याला पाळायचा होता. आज पाठवतो, उद्या पाठवतो, असे चालू राहिले. मध्ये एकदा हे दोघे गुपचूप गलबतात बसून कोचीनपर्यंत गेले आणि तिथून धरून परत आणले गेले. मग हॉलने गव्हर्नरला एक लांबलचक पत्र लिहिले. त्यात गयावया नव्हती. शेवटच्या न्यायाच्या दिवशी आपण दोघेही एकाच न्यायासनापुढे उभे राहणार आहोत, याची त्याने गव्हर्नरला आठवण करून दिली होती. पुढे ब्रिटिश पार्लमेंटने कंपनीला दिलेल्या १८१३ च्या सनदेने मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली, इंग्लंडहून परवानगी आली आणि हॉल राहिला. नॉट तब्येतीमुळे १८१५ मध्ये परत गेला. न्यूवेल श्रीलंकेमार्गे येऊन हॉलला मिळाला.

राहायला परवानगी मिळाली म्हणजे काम सुरू झाले, असे नव्हते. ते मराठी शिकले, रस्त्यात उभे राहून बोलले, शाळा काढल्या, पत्रके वाटली. लोक ऐकत, हसत, वाद घालत आणि घरी जात. बॉस्टनला लिहिलेल्या पत्राचे उत्तर यायला वर्ष लागे. प्रश्न विचारावा आणि उत्तर येईपर्यंत तो प्रश्नच शिळा व्हावा, असा तो कारभार. पहिला बाप्तिस्मा झाला १८१९ मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी, आणि तोही एका मुसलमान गृहस्थाचा. याच वर्षी, याच तुकडीतल्या जडसनला ब्रह्मदेशात पहिला माणूस मिळाला, तोही सहा वर्षांनीच. त्याआधी बंगालमध्ये विल्यम केरीने पहिल्या बाप्तिस्म्यासाठी सात वर्षे काढली होती. मिशनच्या बोलण्यात ‘धीर’ हा शब्द ठाण मांडून बसला तो या आकड्यांमुळे. परदेशी जाणाऱ्या पुढच्या प्रत्येक पिढीला हेच दाखले दिले गेले : बघा, केरीला सात वर्षे लागली.

आणि तरी याच काळात, १८१८ मध्ये, हॉल आणि न्यूवेल यांनी एक पुस्तिका लिहिली. जगातल्या साठ कोटी अख्रिस्ती लोकांसाठी दर वीस हजारांमागे एक या हिशेबाने तीस हजार मिशनरी पाठवा, असे त्यांचे म्हणणे. पदरात एकही बाप्तिस्मा नसलेल्या माणसांनी मांडलेला हा हिशेब वाचून हसू येते. पण चार-पाच वर्षे कुणी ऐकत नसताना असा हिशेब मांडायला लागणारा उत्साह कुठून आणला असेल, याचे नवलही वाटते.

१८२१ मध्ये न्यूवेल पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, गेला. १८२५ मध्ये हॉलने बायको आणि दोन आजारी मुलांना अमेरिकेला धाडले. त्यातला एक मुलगा वाटेतच गेला. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये हॉल घाट चढून नाशिकला गेला. तिथे पटकीची साथ होती. औषधे आणि पुस्तके वाटून तो परत निघाला तेव्हा वाटेतल्या एका खेड्यात त्यालाच ती लागली. देवळाच्या ओसरीवर चटईवर तो गेला आणि सोबत चाललेल्या पोरांनीच त्याला माती दिली. वय ४१. मराठी नवा करार ज्या वर्षी पूर्ण छापून निघाला, ते हेच वर्ष, १८२६. भाषांतरात हॉलचा मोठा वाटा होता.

फळ मोजायचे कशाने, हा प्रश्न इथे येतो. बाप्तिस्म्यांच्या वहीत पाहिले तर हॉलची तेरा वर्षे जवळजवळ कोरी दिसतात. पण मिशनने मुंबईत छापखाना घातला होता आणि १८१७ पासून त्यावर बाळबोध मराठी छापली जात होती. पुढे त्याच छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम नावाच्या माणसाने मराठी टाइप सुधारायचे काम वर्षानुवर्षे केले. अक्षराचा खिळा कोरायचा, छापून पाहायचा, वेलांटी जाड आली की पुन्हा कोरायचा. धीर म्हणतात तो मला प्रवचनांपेक्षा इथे जास्त स्पष्ट दिसतो. मिशनची छपाई पाहून गणपत कृष्णाजींना स्वतःचा छापखाना काढावासा वाटला आणि त्यांनी छापील मराठी पंचांग काढले. आणि महिना दोन रुपयांवर टाइप घासायला एक गरीब पोरगा तिथे लागला होता, त्याचे नाव जावजी दादाजी. त्याने पुढे निर्णयसागर हा छापखाना काढला. ज्या कारखान्यातून हिंदू शास्त्रे मोडून काढणारी पत्रके निघायची, तिथे हात बसलेल्या माणसाने संस्कृत ग्रंथांच्या देखण्या, शुद्ध आवृत्त्या देशभर पोचवल्या. हॉलला हे कळले असते तर तो खूश झाला असता की कपाळाला हात लावला असता, कोण जाणे.

अशीच गोष्ट सिंथिया फॅरारची. न्यू हॅम्पशायरमधली शाळामास्तरीण. अविवाहित बाईला एवढ्या लांब पाठवावे की नाही, यावर बोर्डात काचकूच होती. तरी १८२७ च्या अखेरीस ती मुंबईला आली ती मुलींच्या शाळा सांभाळायला. शाळा म्हणजे काय, तर एखादी खोली, एक पंतोजी आणि आज आल्या तर उद्या येतील याची खात्री नसलेल्या मुली. घरात पाहुणे आले, सण आला, लग्न ठरले, की पाटी कोपऱ्यात. मुलगी वाचायला लागते न लागते तोच सासरी जाते. दर वर्षी ओनाम्यापासून पुन्हा सुरुवात. १८३९ पासून ती अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, होती आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. मधली एक रजा सोडली तर ३४ वर्षे.

नगरच्या या शाळा पाहायला जोतीराव फुले आले. त्यांचे मित्र सदाशिव गोवंडे तेव्हा नगरला होते. मुलींच्या शाळेची प्रेरणा तिथे मिळाली, हे जोतीरावांनी स्वतः ‘ज्ञानोदय’ला सांगितले आणि ते १८५३ मध्ये छापून आले. हे नियतकालिकही मिशनचेच, १८४२ मध्ये नगरला निघालेले. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले त्यातही फॅरारबाईंच्या संस्थेचे नाव घेतले जाते. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनच्या ताळेबंदात ही जमा धरायला रकानाच नव्हता. फॅरारबाईंनी मात्र आणखी बरीच वर्षे त्याच खोल्यांत त्याच ओनाम्याने सुरुवात केली. मला या साऱ्या इतिहासात हॅरिएट न्यूवेलपेक्षा ही बाई जवळची वाटते.

नगरचे ठाणे सुरू झाले १८३१ च्या अखेरीस. तिथेही पहिल्या तिघांतला हर्वी काही महिन्यांत पटकीने गेला. ब्राह्मण आधी ख्रिस्ती धर्मात येतील, मग बाकीचा समाज त्यांच्या मागून येईल, असा मिशनचा होरा होता. थोडे ब्राह्मण आलेही. १८३९ मध्ये हरिपंत खिस्ती आले, त्यांच्यावर बहिष्कार पडला. पुढे ते आणि रामकृष्णपंत मोडक असे दोघे पाळक झाले. पण गावोगावाहून आले ते महार आणि मांग, त्यांच्या स्वतःच्या कारणांनी : माणूस म्हणून वागवणारी जागा, शाळा, न्याय. साहेबाला ठरवलेली वाट सोडून लोकांच्या वाटेने जावे लागले. धीराचा हाही एक प्रकार, आणि तो शिकायला त्यांना बराच वेळ लागला. पंगतीत जातीची ओळ मोडायची तर आपल्या घाईने भागत नाही, हे कळायला तर आणखी.

आनंदाचे काय? तो आला गाण्यातून. सुरुवातीला इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवून उपासना चाले. चाल एकीकडे, भाषा दुसरीकडे. शेतावरून आलेल्या माणसाने ते उभे राहून म्हणायचे म्हणजे शिक्षाच. १८६० च्या दशकात नगरकडे ख्रिस्ती कीर्तन सुरू झाले. कृष्णराव सांगळे हे त्यातले मोठे नाव. टाळ, मृदंग, पूर्वरंग, आख्यान, सगळे आपले. आख्यानाचा विषय तेवढा येशू. नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या सॅम्युएल फेअरबँकसारख्या मिशनऱ्याने ते उचलून धरले. अशा कीर्तनात बोलणारा असतो नगरचा माणूस आणि साहेब असतो ऐकणारा. इतकी वर्षे बोलून थकलेल्या माणसाला ती केवढी सुट्टी वाटली असेल! नाताळच्या रात्री मिशन कंपाउंडात टाळ वाजताना मी ऐकले आहेत. लांबून ऐकले तर एकादशीचे भजन चालले आहे असेच वाटावे.

पुढे १८९५ मध्ये कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेलो, असे ते म्हणत. त्यांनी मराठी ख्रिस्ती मंडळीला अभंग आणि पदे दिली, आणि मिशनला चार खडे बोलही सुनावले. ते नगरला राहिले तेव्हा तिथे रॉबर्ट ह्यूम हा ज्येष्ठ मिशनरी होता. ह्यूमचा जन्म १८४७ चा, मुंबईतला. तो लहान असताना घरचे अमेरिकेला निघाले आणि बाप वाटेत समुद्रातच वारला. शिकून १८७४ मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि पुढे पन्नास वर्षे राहिला. बोर्डाच्या कागदांवर तो परदेशी सेवेला निघालेला होता. जन्मगाव मात्र मुंबई.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. तो ख्रिस्ती मिशनला पर्याय म्हणून होता, विरोध म्हणून नव्हे, तरी साहेब मंडळींना ते झोंबले असणार. दोन वर्षांत टिळक गेले. रविवारी नगरच्या चर्चमध्ये पेटी उघडून जी पदे म्हटली जातात, त्यांतली कितीतरी अजून त्यांचीच आहेत.