अष्टमीचा चंद्र आणि सूर्याचे अंतर

सूर्य चंद्रापेक्षा किती पट दूर आहे? भूमितीने हे मोजण्याची आपल्याला माहीत असलेली सर्वांत जुनी रीत इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली आहे. ती सामोस बेटावरच्या अरिस्टार्कस या ग्रीक खगोलज्ञाची. चंद्र बरोबर अर्धा उजळलेला असतो, त्या क्षणी सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांच्या त्रिकोणात चंद्रापाशी काटकोन होतो. मग आपल्याकडून सूर्य आणि चंद्र यांच्यातला कोन कळला की बाजूंचे गुणोत्तर निघते. अरिस्टार्कसने हा कोन ८७ अंश घेतला. त्रिकोणमितीची कोष्टके तेव्हा नव्हती, म्हणून उत्तर दोन मर्यादांमध्ये आले: १८ पटींहून जास्त, २० पटींहून कमी.

खरे उत्तर सुमारे ३९० पट आहे. तरीही रीतीत काहीच खोट नाही. घोटाळा आहे तो कोन काटकोनाच्या फार जवळ असण्यात. ८७ अंशांना गुणोत्तर १९ येते, ८९ अंशांना ५७, आणि ८९ अंश ४५ कलांना (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) थेट २२९. प्रत्यक्षातला कोन ९० अंशांपेक्षा जेमतेम ९ कलांनी कमी आहे. चंद्र सूर्यापासून तासाला साधारण अर्धा अंश सरकतो, म्हणजे या ९ कला तो १८ मिनिटांत ओलांडतो. तेव्हा चंद्र ‘बरोबर अर्धा’ झाल्याचा क्षण काही मिनिटांच्या आत पकडायला हवा. नुसत्या डोळ्यांना ते जमत नाही. चंद्रावरची उजेड-अंधाराची सीमा डोंगर आणि विवरांमुळे खडबडीत असते. ती सरळ कधी झाली हे तासाभराच्या अचूकतेनेही सांगता येत नाही.

शुक्ल अष्टमीच्या सुमारास संध्याकाळी हा कोन कोणीही मोजू शकेल. सूर्याकडे थेट न पाहता त्याची दिशा काठीच्या सावलीवरून घ्यावी. पण क्षितिजाजवळचा सूर्य वातावरणातील वक्रीभवनामुळे ३४ कलांपर्यंत वर उचललेला दिसतो, आणि आपण पृथ्वीच्या केंद्रात नसून पृष्ठावर असल्यामुळे चंद्राची जागा जवळजवळ एका अंशापर्यंत ढळू शकते. शोधायच्या ९ कलांपेक्षा या दोन्ही चुका मोठ्या आहेत.

अरिस्टार्कसची दुसरी पायरी मात्र अशी नाजूक नाही, आणि मला तीच अधिक सुंदर वाटते. चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली चंद्राच्या दुप्पट रुंद असते असे त्याने धरले. सूर्य आणि चंद्र आकाशात सारख्याच आकाराचे दिसतात, त्यामुळे चंद्रापर्यंत पोचेस्तोवर ही सावली साधारण एका चंद्राएवढी निमुळती होते. म्हणजे पृथ्वीचा व्यास अंदाजे तीन चंद्रांएवढा. सावली प्रत्यक्षात दोन नव्हे, सुमारे २.७ चंद्रांएवढी असते. ती दुरुस्ती केली की ३.७ हे जवळपास अचूक उत्तर मिळते. इथे मोजमाप थोडे चुकले तर उत्तरही थोडेच चुकते.

सूर्य १९ पट दूर, तरी चंद्राएवढाच दिसतो. म्हणजे त्याचा व्यास चंद्राच्या १९ पट आणि पृथ्वीच्या सहा-सात पट ठरला. खरा आकडा १०९ आहे. पण सूर्य पृथ्वीपेक्षा खूप मोठा आहे, हे चुकलेल्या कोनातूनही सिद्ध झाले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते अशी कल्पना अरिस्टार्कसने मांडल्याचे आर्किमिडीजने लिहून ठेवले आहे. ती त्याला या आकड्यांवरूनच सुचली असावी असे म्हणण्याचा मोह होतो, पण तसा पुरावा उरलेला नाही.

पुढच्या शतकात हिपार्कस या ग्रीक खगोलज्ञाने एका सूर्यग्रहणावरून चंद्राचे अंतर काढले. हेलेस्पाँटजवळ (आजच्या तुर्कस्तानातल्या सामुद्रधुनीजवळ) ग्रहण खग्रास होते, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात सूर्याचा पाचवा हिस्सा उघडा राहिला. सूर्याचा व्यास अर्धा अंश, म्हणून हा फरक सुमारे ६ कलांचा. दोन ठिकाणच्या अक्षांशांतला फरक आणि हे लंबन (दोन जागांवरून पाहताना दिशेत पडणारा फरक) यांवरून त्याला चंद्र पृथ्वीच्या ७१ ते ८३ त्रिज्या दूर मिळाला. सरासरी अंतर ६० त्रिज्या आहे.

आपल्या सिद्धांतग्रंथांनी, म्हणजे जुन्या भारतीय खगोलग्रंथांनी, वेगळी वाट धरली. सूर्य-चंद्रासह सगळे ग्रह रोज सारखेच योजन चालतात, असे त्यांनी मानले. चंद्र एका वर्षात साधारण १३.३७ फेऱ्या करतो, म्हणून सूर्याची कक्षा १३.३७ पट मोठी. गृहीतक चुकीचे, त्यामुळे ही चूक मोजमाप कितीही सुधारून निघणार नव्हती.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या टॉलेमी या खगोलज्ञाने सूर्य पृथ्वीच्या १२१० त्रिज्यांवर ठेवला, चंद्राच्या जवळजवळ १९ पटच. हा आकडा सुमारे पंधराशे वर्षे टिकला. सतराव्या शतकात वेंडेलिन या खगोलज्ञाने दुर्बिणीतून अर्धा चंद्र पाहून ८९ अंश ४५ कला हा कोन काढला. १६७२ मध्ये खगोलज्ञ कॅसिनीने पॅरिसहून आणि त्याचा सहकारी रिशेने दक्षिण अमेरिकेतल्या कायेनहून एकाच वेळी मंगळ पाहिला. मंगळ तेव्हा सूर्यापेक्षा बराच जवळ होता आणि त्याची जागा भोवतालच्या ताऱ्यांच्या संदर्भाने मोजता येत होती. त्यावरून सूर्याचे अंतर सुमारे १४ कोटी किलोमीटर निघाले; आजचा आकडा १४.९६ कोटी आहे.