कुकीची परवानगी: नियम कुणासाठी केला आणि गळ्यात कुणाच्या पडला

वेबसाइट उघडली की खालून वर सरकणारी 'आम्ही कुकीज वापरतो' ही पट्टी कुठल्याही कायद्यात लिहिलेली नाही. कुकी म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी नोंद. युरोपच्या कायद्यात ती ठेवण्याआधी परवानगी घ्या असं आहे, आणि तेही सरसकट सगळ्या कुकीजसाठी नाही. पट्टी हा वेबसाइटवाल्यांनी काढलेला तोडगा. छोट्या धंदेवाल्यांचा घोळ इथूनच सुरू होतो. कुणीतरी दंडाची भीती घालतं, साइट करून देणारा मुलगा एक फुकटचा प्लगइन (साइटला जोडायचा तयार कोड) टाकून देतो, आणि पट्टी लागली म्हणजे कायदा पाळला असं धरून सगळे मोकळे होतात. प्रत्यक्षात कित्येक साइटना पट्टीची गरजच नसते, आणि ज्यांना असते त्यांच्यातल्या अनेकांची पट्टी कायद्याच्या कसोटीला उतरत नाही.

गोष्ट १९९४ सालची. ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीला एमसीआय या टेलिफोन कंपनीसाठी ऑनलाइन दुकान करून द्यायचं होतं. अडचण अशी की वेब सर्व्हरला स्मरणशक्ती नसते. तुम्ही एका पानावर वस्तू निवडली आणि दुसऱ्या पानावर गेलात की सर्व्हरच्या लेखी तुम्ही नवा माणूस. अर्धवट भरलेल्या खरेदीची नोंद आपल्या सर्व्हरवर सांभाळायला एमसीआय तयार नव्हती. तेव्हा नेटस्केपमधल्या लू माँटुली या तरुण प्रोग्रॅमरने ती नोंद ग्राहकाच्याच ब्राउझरमध्ये ठेवायची युक्ती काढली. तीच कुकी. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर हातात बिल्ला मिळतो, तसाच हा प्रकार: बिल्ला तुमच्याकडे, त्यावरचा नंबर ओळखणारा दुकानदार. माँटुलीने कुकीची रचना करताना एका साइटची कुकी दुसऱ्या साइटला वाचता येऊ नये याची काळजी घेतली होती. खाजगीपणाचा विचार पहिल्या दिवसापासून होता, फक्त तो पुरा पडला नाही.

पुरा पडला नाही तो जाहिरातींमुळे. एकच पान तयार होताना त्याचे तुकडे वेगवेगळ्या सर्व्हरवरून येऊ शकतात. वर्तमानपत्राच्या पानावरची जाहिरात डबलक्लिकसारख्या जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून आली, तर ती कंपनीही आपली कुकी तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवू शकते. त्याच कंपनीची जाहिरात हजार साइटवर असेल, तर हजार ठिकाणी तीच कुकी पुन्हा तिच्यासमोर येते आणि तुम्ही कुठे कुठे फिरलात याचा माग आपोआप तयार होतो. ब्राउझर यातलं काहीच वापरणाऱ्याला सांगत नव्हता. फेब्रुवारी १९९६ मध्ये 'फायनान्शियल टाइम्स'ने यावर लिहिलं, तेव्हा कुठे सामान्य माणसाला कुकी नावाची चीज कळली.

फेब्रुवारी १९९७ मध्ये कुकीजचं पहिलं अधिकृत तांत्रिक मानक निघालं. लिहिणारे दोघे: डेव्हिड क्रिस्टॉल आणि खुद्द माँटुली. त्यात बाहेरच्या साइटच्या कुकीज एक तर अजिबात नकोत, किंवा ब्राउझरमध्ये मुळातच बंद असाव्यात, अशी शिफारस होती. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट दोघांनीही तिकडे दुर्लक्ष केलं, कारण वेबवरचा पैसा तोवर जाहिरातीतून येऊ लागला होता. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली हीच खरी चुकलेली वाट. दोन ब्राउझरमध्ये एक सेटिंग बदललं असतं तर काम भागलं असतं. पुढे तेच काम कायद्याने लाखो साइटच्या मालकांवर टाकलं. सफारीने बाहेरच्या कुकीज पूर्ण बंद केल्या त्या मार्च २०२० मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी. गूगलने त्याच वर्षी क्रोममधून त्या काढण्याची घोषणा केली, मुदती पुढे ढकलल्या आणि २०२४ मध्ये बेत सोडून दिला.

युरोपात हा विषय कायद्याच्या टेबलावर आला २००१ च्या सुमारास. युरोपीय संसदेत आधी परवानगी मगच कुकी, असा सूर निघाल्याबरोबर ऑनलाइन जाहिरातवाल्यांनी 'सेव्ह अवर कुकीज' नावाची मोहीमच उघडली. परिणामी २००२ चं ई-प्रायव्हसी डायरेक्टिव्ह (देशोदेशी कसे कायदे करायचे हे सांगणारा युरोपीय संघाचा आदेश) मवाळ निघालं: स्पष्ट माहिती द्या आणि नाही म्हणायची सोय ठेवा. पाचव्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात कुकी हा शब्दही नाही. वापरणाऱ्याच्या उपकरणात माहिती साठवणं किंवा तिथली माहिती वाचणं, असं ते कलम म्हणतं. त्यामुळे पुढे आलेले पिक्सेल (भेट देणाऱ्याचा माग काढणारे कोडचे तुकडे), मोबाइल अ‍ॅपमधले आयडी हेही त्याच्या कक्षेत आले.

त्या कलमात दोन सवलती पहिल्यापासून आहेत, आणि छोट्या धंद्यासाठी सगळा कायदा एकीकडे आणि या दोन ओळी एकीकडे. निव्वळ संदेश पोचवण्यासाठी लागणारी कुकी, आणि ग्राहकाने स्वतः मागितलेली सेवा देण्यासाठी जिच्यावाचून चालतच नाही ती कुकी, या दोन्हींना परवानगी लागत नाही. खरेदीची टोपली, लॉगिन, निवडलेली भाषा, सुरक्षेची तपासणी हे यात बसतं. माँटुलीने ज्या कामासाठी कुकी काढली, त्या कामाला कायद्याने कधीच हरकत घेतलेली नाही.

२००९ मध्ये टेलिकॉम कायद्यांच्या मोठ्या दुरुस्तीबरोबर हेही कलम बदललं. नाही म्हणायच्या सोयीऐवजी संमती हा शब्द आला आणि २५ मे २०११ पर्यंत देशोदेशी तसे कायदे करायचं ठरलं. बहुतेक देशांना ती तारीख गाठता आली नाही. ब्रिटनने नियम वेळेत केले, पण अंमलबजावणीला एक वर्षाची सूट दिली. तिथल्या माहिती आयुक्त कार्यालयाने, म्हणजे आयसीओने, उदाहरण घालून द्यायचं म्हणून आपल्या साइटवर खरोखरीची परवानगी मागायला सुरुवात केली. लोकांनी त्या चौकोनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि कार्यालयाच्या आकडेमोडीत दिसणाऱ्या भेटी साधारण ९० टक्क्यांनी घटल्या. लोक यायचे थांबले नव्हते. परवानगी न दिल्यामुळे मोजले जात नव्हते. मे २०१२ मध्ये सूट संपता संपता आयसीओनेच गृहीत संमती चालेल असं सांगून टाकलं. साइट वापरत राहिलात म्हणजे तुमची हरकत नाही, ही पट्टीवरची सुप्रसिद्ध ओळ तिथून युरोपभर पसरली. अनेक मराठी साइटवर ती आजही दिसते, कुठल्या तरी इंग्रजी साइटवरून उचललेली.

ती ओळ कायद्याने निकालात काढली २०१८ मध्ये. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या युरोपच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती म्हणजे काय हे पक्कं केलं: स्वेच्छेने, नेमक्या कामासाठी, माहिती घेऊन आणि स्पष्ट कृतीने दिलेली. गप्प बसणं किंवा आधीच टिक केलेला चौकोन याला संमती म्हणत नाहीत, असं त्याच्या प्रास्ताविकात शब्दशः आहे. दिलेली संमती देण्याइतक्याच सहजतेने काढूनही घेता आली पाहिजे.

याचा कस लागला तो प्लॅनेट ४९ या जर्मन कंपनीच्या खटल्यात. २०१३ मध्ये तिने बक्षीस सोडतीची एक साइट काढली होती. नाव-पत्ता भरला की भाग घ्यायच्या बटणाच्या वर दोन चौकोन. पहिला रिकामा, प्रायोजकांनी संपर्क साधावा यासाठी. तो टिक केल्याशिवाय भागच घेता येत नसे. सोबत ५७ कंपन्यांची यादी, प्रत्येकीसमोर नकाराची स्वतंत्र लिंक. पुरेशा कंपन्या तुम्ही निवडल्या नाहीत तर आयोजकच तुमच्या वतीने जास्तीत जास्त ३० निवडणार. दुसरा चौकोन कुकीजचा, आधीच टिक करून ठेवलेला. जर्मनीतल्या ग्राहक संघटनांच्या महासंघाने दावा लावला आणि तो चढत चढत युरोपीय न्यायालयात गेला. १ ऑक्टोबर २०१९ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की आधी केलेली टिक ही संमती नव्हे, कुकीत वैयक्तिक माहिती असो वा नसो. शिवाय कुकी किती काळ राहते आणि ती दुसऱ्या कुणाला वाचता येते का, हेही ग्राहकाला सांगायलाच हवं.

त्याच वर्षी जुलैमध्ये आणखी एक निकाल आला होता, आणि दुकानदाराच्या दृष्टीने मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. फॅशन आयडी नावाच्या कपड्यांच्या जर्मन ऑनलाइन दुकानाने पानावर फेसबुकचं लाइक बटण बसवलं होतं. बटण दाबा न दाबा, पान उघडताच माहिती फेसबुककडे जायची. ती गोळा करून पाठवण्यापुरतं दुकानही फेसबुकच्या बरोबरीने जबाबदार, असं न्यायालयाने ठरवलं. कोड दुसऱ्याचा आहे ही सबब त्यानंतर चालेनाशी झाली.

मोठे दंड मात्र मोठ्यांनाच बसले. फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामकाने डिसेंबर २०२० मध्ये गूगलला १० कोटी आणि अ‍ॅमेझॉनला ३.५ कोटी युरोंचा दंड केला. जानेवारी २०२२ मध्ये गूगलला आणखी १५ कोटी, फेसबुकला ६ कोटी. दुसऱ्या वेळचा मुद्दा अगदी साधा होता: 'स्वीकारा' एका क्लिकमध्ये, नाकारायला मात्र अनेक क्लिक. आज पट्टीवर 'सगळं नाकारा' हे बटण बरोबरीने दिसू लागलंय ते या दंडांचं फळ.

छोट्यांना चटका बसला तो वेगळ्याच वाटेने. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या एका न्यायालयाने, साइटवरचे गूगल फाँट्स थेट गूगलच्या सर्व्हरवरून मागवल्यामुळे वाचकाचा आयपी अ‍ॅड्रेस (इंटरनेटवरचा त्याचा पत्ता) तिकडे गेला म्हणून १०० युरो भरपाई दिली. यात कुकीचा संबंधही नव्हता. पण त्यानंतर जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या हजारो छोट्या साइटमालकांना भरपाई मागणारी वकिली पत्रं येऊन थडकली. रक्कम मुद्दाम अशी की वकील करण्यापेक्षा देऊन टाकलेलं परवडावं. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये बर्लिनच्या सरकारी वकिलांनी पत्रं धाडणाऱ्यांविरुद्धच झडत्या घेतल्या. फाँटची फाइल आपल्याच सर्व्हरवर ठेवली की प्रश्न मिटत होता.

आता हे मालवण-वेंगुर्ल्याकडच्या एखाद्या होमस्टेच्या साइटला लावून पाहू. जीडीपीआर युरोपाबाहेरच्या धंद्यालाही लागू होतो, पण साइट जर्मनीत उघडते एवढ्यावरून नाही. तिथल्या लोकांना सेवा देण्याचा हेतू दिसायला हवा: दर युरोत दिलेत, मजकूर जर्मनमध्येही आहे, तिकडच्या पाहुण्यांचा खास उल्लेख आहे. तिथल्या लोकांच्या वागण्यावर नजर ठेवत असलात तरीही तो लागतो. समजा, या होमस्टेला तो लागतो. साइटवर काय काय असतं? खोल्यांचे फोटो, बुकिंगचा फॉर्म, गूगल मॅप, समुद्राचा यूट्यूब व्हिडिओ, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण, आणि कधीतरी जाहिरात केली होती तेव्हा टाकलेला फेसबुक पिक्सेल, जो काढायचा राहून गेलाय. फोटोंना कुकी लागत नाही. फॉर्मची कुकी सवलतीत बसते. व्हॉट्सअ‍ॅपचं बटण साधी लिंक असेल तर काहीच नाही. उरले मॅप, व्हिडिओ आणि पिक्सेल. मॅपच्या जागी चित्र आणि लिंक दिली, व्हिडिओ दाबल्यावरच लोड होईल असा केला आणि पिक्सेल काढला, तर पट्टीचं कारणच उरत नाही. गूगल अ‍ॅनालिटिक्स (साइटवर किती लोक आले ते मोजणारं साधन) मात्र असेल तर परवानगी हवी, आणि परवानगी मिळेपर्यंत त्याचा कोड चालू होता कामा नये. फुकटचे प्लगइन नेमके इथे फसतात: पट्टी दिसते खरी, पण कुकी तिच्या आधीच बसलेली असते. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये कुकीजची यादी उघडून, कशालाही हात न लावता साइट लोड केली की हे पाच मिनिटांत कळतं.

गंमत म्हणजे छोट्या जाहिरातदाराला शिस्त लावायला शेवटी गूगलच पुढे आलं. मार्च २०२४ पासून युरोपातल्या ग्राहकांना लक्ष्य करून जाहिरात द्यायची असेल, तर ग्राहकाने संमती दिली की नाही याचा संकेत साइटकडून गूगलला जावा लागतो. नाहीतर त्या ग्राहकांवर बेतलेल्या जाहिराती आणि त्यांचं मोजमाप अडतं. ज्या धंद्याला आवर घालायला नियम झाला, त्याच धंद्यातली सर्वांत मोठी कंपनी आता इतरांकडून तो पाळून घेते.

पट्ट्यांचा कंटाळा आता कायदा करणाऱ्यांनाही आलेला दिसतो. डायरेक्टिव्हची जागा घेणारा नवा कायदा जानेवारी २०१७ मध्ये मांडला होता. आठ वर्षं रखडल्यावर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने तो मागे घेण्याचं जाहीर केलं. जून २०२५ मध्ये ब्रिटनने कायदा करून साइटच्या निव्वळ आकडेवारीसाठीच्या कुकीजना अटींसह सवलत दिली. मात्र त्याच कायद्याने दंडाची कमाल मर्यादा ५ लाख पौंडांवरून १.७५ कोटी पौंडांवर किंवा उलाढालीच्या ४ टक्क्यांवर नेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये आयोगाने नवा प्रस्ताव आणला: एका क्लिकवर नकार, नकार दिल्यावर सहा महिने पुन्हा विचारायचं नाही, आणि पुढेमागे ब्राउझरमध्येच एकदा सांगितलेली पसंती साइटने मानायची. १९९७ ची शिफारस जवळजवळ याच दिशेची होती.

भारतात कुकीजसाठी वेगळा कायदा नाही. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये विधेयकाचा मसुदा दिला, आणि बरीच वळणं घेत ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्यात कुकी हा शब्द नाही, पण कुकीतून माणूस ओळखता येत असेल तर तो वैयक्तिक डेटा ठरतो. संमतीची व्याख्या जीडीपीआरच्या जवळची आहे, आणि १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला, त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. काही वर्गांना, स्टार्टअप धरून, ठरावीक कलमांतून सूट देण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवलाय. पण युरोपात नसलेली एक अट इथे आहे: संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या २२ पैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागेल. त्या यादीत मराठीही आहे आणि कोकणीही.