अमेरिकेतील सरकारी प्राथमिक शाळा : पट आणि निकाल

अमेरिकेत किंडरगार्टनपासून पाचवीपर्यंत, काही ठिकाणी सहावीपर्यंत, मोफत शिक्षण देणाऱ्या सरकारी शाळेला एलिमेंटरी स्कूल म्हणतात. मूल साधारण पाचव्या वर्षी तिथे दाखल होते. पटावर कोणती मुले आहेत आणि ती परीक्षेत कशी उतरली, ही माहिती प्रत्येक शाळेला द्यावी लागते. २०१५ च्या ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स’ कायद्यानुसार राज्य सरकारे ती शाळानिहाय प्रसिद्ध करतात. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून वाचले तरच शाळा कळू लागते. नुसत्या निकालावरून वस्तीची आर्थिक स्थिती जितकी कळते तितके वर्गातले काम कळत नाही.

पट आणि निकाल यांचा संबंध तिथे न्यायालयातून पुढे आला. कॅन्ससमधील टोपेका शहरात लिंडा ब्राउन या तिसरीतील कृष्णवर्णीय मुलीला घराजवळच्या समनर प्राथमिक शाळेत प्रवेश नाकारला गेला आणि तिला दूरच्या मन्रो शाळेत जावे लागे. तिच्या वडिलांचे नाव लागलेल्या खटल्यात १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वंशानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. १९६५ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या काळात झालेल्या कायद्याच्या ‘टायटल वन’ भागातून गरीब मुले जास्त असलेल्या शाळांना संघराज्याचा निधी मिळू लागला. पुढच्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा अहवाल आला. सुमारे ४,००० शाळांतील सहा लाखांहून अधिक मुलांच्या पाहणीतून त्यांनी दाखवले, की मुलांच्या गुणांतील फरकाचा मोठा भाग शाळेच्या इमारतीशी वा खर्चाशी नव्हे, तर घरच्या परिस्थितीशी आणि सोबतच्या मुलांशी जोडलेला आहे. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाले. शाळेने काही फरक पडत नाही, असा त्याचा अर्थ काढणे मात्र चूक आहे.

पटाच्या नोंदीत वंशाचे सात रकाने रूढ आहेत : हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांशी मूळ नाते असलेले), गोरे, कृष्णवर्णीय, आशियाई, मूळ अमेरिकन व अलास्कातील मूलनिवासी, हवाई व पॅसिफिक बेटांवरील, आणि दोन किंवा अधिक वंशांचे. २०१४ च्या शरद ऋतूत सरकारी शाळांतील गोऱ्या मुलांचे प्रमाण प्रथमच निम्म्याच्या खाली आले. रकाने सोयीचे असले तरी ढोबळ आहेत. भारतीय, चिनी, व्हिएतनामी आणि आग्नेय आशियातील ह्माँग समाजाची मुले एकाच ‘आशियाई’ सरासरीत मोजली जातात, आणि ज्यांना मदत हवी अशी मुले त्या चांगल्या आकड्याआड दिसेनाशी होतात.

गरिबी मोजण्यासाठी दीर्घकाळ दुपारच्या जेवणाचा आधार घेतला गेला. १९४६ च्या कायद्याने सुरू झालेल्या योजनेत आता कुटुंबाचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असल्यास जेवण मोफत आणि १८५ टक्क्यांपर्यंत असल्यास सवलतीत मिळते. २०१० च्या कायद्याने गरीब वस्तीतील शाळांना सगळ्याच मुलांना मोफत जेवू घालण्याची मुभा दिली. अर्ज भरण्याचा आणि त्यातल्या संकोचाचा प्रश्न मिटला, हे फार चांगले झाले. पण अशा शाळेच्या तक्त्यात कधीकधी शंभर टक्के मुले ‘मोफत जेवण घेणारी’ दिसतात, त्यामुळे त्या आकड्यावरून गरिबीचे प्रमाण ठरवता येत नाही.

निकालाची बाजू मुख्यतः राज्याच्या वार्षिक चाचण्यांवर उभी आहे. जानेवारी २००२ मध्ये अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सही केलेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन व गणिताची चाचणी सक्तीची केली आणि वंश, गरिबी, अपंगत्व व इंग्रजी शिकत असलेली मुले अशा गटांचे निकाल वेगळे मागितले. २०१४ पर्यंत प्रत्येक मूल अपेक्षित पातळीवर आणण्याचे उद्दिष्ट गाठता आले नाही. गटवार निकालांची अट मात्र टिकली, आणि या कायद्याचे तेच मोलाचे देणे आहे. आधी चांगल्या सरासरीखाली मागे पडलेली मुले सहज झाकली जात.

हे आकडे वाचताना काही गोष्टींचे भान लागते. पाचवीपर्यंतच्या शाळेत चाचणी फक्त तीन इयत्तांची होते, म्हणून मुले वाचायला शिकतात ती सुरुवातीची वर्षे निकालात थेट दिसत नाहीत. एका इयत्तेत ६० मुले असतील तर तीन मुलांच्या फरकाने निकाल पाच टक्क्यांनी हलतो. असा चढउतार शाळा सुधारल्याचा वा बिघडल्याचा पुरावा नव्हे. गट फारच लहान असला तर मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून त्याचा निकाल छापत नाहीत. कॅलिफोर्नियात दहा किंवा कमी मुलांच्या जागी फुली असते. इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गटाची अडचण तर रचनेतच आहे. मूल भाषेत तयार झाले, की त्या गटातून बाहेर पडते आणि त्याच्या जागी नवखे मूल येते, म्हणून शाळेने कितीही चांगले शिकवले तरी त्या रकान्यातला आकडा खालीच राहतो. यावर तोड म्हणून २०१५ च्या कायद्याने बाहेर पडलेल्या मुलांचे गुण चार वर्षांपर्यंत त्याच गटात धरण्याची परवानगी राज्यांना दिली.

त्यामुळे पातळीपेक्षा वाढ पाहणे अधिक न्याय्य ठरते. तेच मूल वर्षभरात किती पुढे गेले, हा प्रश्न शाळेच्या कामाच्या जास्त जवळ जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील शॉन रिअर्डन यांच्या अभ्यासात शिकागोतील तिसरीची मुले राष्ट्रीय सरासरीच्या मागे होती. पण २००९ ते २०१४ या पाच वर्षांत आठवीपर्यंत पोहोचताना ती सुमारे सहा वर्षांइतके शिकली. केवळ तिसरीचा निकाल पाहणाऱ्याने ही शाळाव्यवस्था कमकुवत ठरवली असती. दुर्दैवाने घर शोधणाऱ्या पालकांच्या नजरेत आधी पातळीच भरते. बहुतेक ठिकाणी पत्त्यावरून शाळा ठरते, शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो, आणि चांगल्या निकालाच्या शाळेभोवती घरे महागतात. मग तिथे प्रवेश कोणाला मिळणार, हे घराच्या किमतीवर ठरते.

देशपातळीवरील तुलनेसाठी ‘नेप’ (नॅशनल असेसमेंट ऑफ एज्युकेशनल प्रोग्रेस) ही निवडक मुलांची नमुना चाचणी १९६९ पासून घेतली जाते; ती एकेका शाळेचा निकाल देत नाही. करोनाच्या साथीनंतर चौथीच्या गणिताची सरासरी २०१९ मधील २४१ वरून २०२२ मध्ये २३६ वर आली. वाचनाची सरासरी याच काळात २२० वरून २१७ वर आणि २०२४ मध्ये २१५ वर उतरली. शाळेचे दहा टक्के किंवा अधिक दिवस बुडवणाऱ्या मुलांचे प्रमाणही सुमारे १५ टक्क्यांवरून २०२१–२२ मध्ये २८ टक्क्यांच्या आसपास गेले. आता अनेक राज्यांच्या शालेय प्रगतिपत्रकात गुणांच्या जोडीने या गैरहजेरीचाही रकाना असतो.